रेडिऑलॉजिस्ट की रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट: मेंदूच्या गाठीची फाईल कुणाकडे न्यायची?

कोल्हापुरातल्या स्कॅन सेंटरवर हा प्रश्न हमखास कानावर पडतो: "डॉक्टर, गाठ दिसली न्हवं, मग लाईट कधी देणार?"

समोर बसलेले डॉक्टर लाईट देत नाहीत. ते रेडिऑलॉजिस्ट. एमआरआय, सीटी, सोनोग्राफी बघून रिपोर्ट लिहिणं, गरज पडली तर सुईनं तुकडा काढणं, हे त्यांचं काम. लाईट, म्हणजे रेडिएशन, देतात ते रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट. दोघंही एमडी, पण विषय निराळे. आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच, चुंबक आणि रेडिओलहरींवर तो चालतो. तेव्हा "चार एमआरआय झाले, आता आणखी रेडिएशन नको" हा हिशेब मुळातच चुकीचा.

रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टचं निम्मं काम मशीन सुरू होण्याआधीच होतं. ग्लायोब्लास्टोमाचं घ्या, म्हणजे मेंदूतच उगवणारी, झपाट्यानं वाढणारी कॅन्सरची गाठ. सर्जननं दिसणारी गाठ सगळी काढली तरी तिच्या पेशी शेजारच्या मेंदूत शिरलेल्या असतात. म्हणून हे डॉक्टर कॉम्प्युटरवर सीटी आणि एमआरआय एकावर एक बसवतात, एकेका स्लाईसवर गाठीची जागा आखतात, भोवती जादा जागा धरतात. मग नजरेची नस किंवा ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा) आड आलं की ती रेघ आत घ्यावी लागते. इथंच खरं कसब लागतं. त्यावरून फिजिसिस्ट डोसचा प्लॅन करतात. पेशंटच्या चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली जाळीची शीट बसवतात. ती गार झाली की कडक होते आणि डोकं जागचं हलत नाही.

नेहमीचा कोर्स ६० ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप): ३० बैठका, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. चंदगड-आजऱ्याकडच्या माणसाला तेवढे दिवस कोल्हापुरात पाहुण्यांकडं मुक्काम टाकावा लागतो. वयस्कर, थकलेल्या पेशंटचं बऱ्याचदा १५ बैठकांत भागवतात. सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळ्यांमुळं दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेलं. बैठक संपली की अंगात किरण राहत नाहीत. घरी जाऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं.

दोघा डॉक्टरांची खरी गाठ पडते ती नंतर. रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. कधी कधी तो नुसता उपचाराचा परिणाम असतो आणि पुढं आपोआप ओसरतो. रेडिएशन कुठं आणि कधी झालं हे रेडिऑलॉजिस्टला कुणी सांगितलंच नसेल, तर रिपोर्टात "गाठ वाढली" असं येऊ शकतं आणि घरात रडारड सुरू होते. म्हणून स्कॅनला जाताना जुन्या सीडी, रेडिएशनचा समरी कागद आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत हवी. स्टिरॉइडनंही चित्र बदलतं. आणि परत रेडिएशनवाल्या डॉक्टरांकडं जाताना रिपोर्टाच्या कागदावर भागवू नका, सीडी मागून घ्या. त्यांना आपण आखलेल्या रेघांवर ती नवी इमेज ठेवून बघायची असते.