एनडीपीएस केसमध्ये तुरुंगाऐवजी उपचार: अर्ज कुठे अडतो?

अमेरिकेसारखी स्वतंत्र ड्रग कोर्टं आपल्याकडे नाहीत, पण १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात दोन वाटा आहेत. स्वतःहून उपचार घेतले तर कलम ६४अ खाली खटल्यातूनच सूट मिळते. दोषी ठरल्यावर कलम ३९ खाली, शिक्षेऐवजी उपचारांसाठी सुटका होऊ शकते. दोन्ही व्यसनी आरोपीसाठीच, आणि गुन्हा सेवनाचा (कलम २७) किंवा अल्प प्रमाणाचा हवा. अल्प म्हणजे गांजा १ किलो, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम, एमडी (मेफेड्रोन) अवघी २ ग्रॅमपर्यंत. वजन भेसळीसकट धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हिरा सिंग प्रकरणात तसं ठरवलंय.

अर्ज वकिलामार्फत कोर्टात करायचा. एफआयआर, सीए रिपोर्ट (जप्त मालाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल), ओळखपत्र जोडा. हे सगळं मिळतं. गाडी अडते ती व्यसनमुक्ती केंद्राच्या दाखल्यावर.

केंद्र सरकारी किंवा सरकारमान्य हवं. ६४अ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थेची मान्यताही चालते, ३९ मध्ये तो उल्लेख नाही. पाटीवरचा संस्था नोंदणी क्रमांक म्हणजे मान्यता नव्हे! भरती होण्याआधीच मान्यतापत्राची प्रत मागून घ्या.

दाखल्यात 'अवलंबित्व' स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण कायद्याच्या व्याख्येत व्यसनी म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेला माणूस. घरचे मात्र अब्रूपायी डॉक्टरांना सांगतात, 'कधीतरी मित्रांबरोबर घेतो हो.' केसपेपरवर तेच उतरतं आणि सरकारी वकील नेमकं तेच वाचून दाखवतात.

तिसरी अडचण डिस्चार्ज कार्डाची. अंगाची तडफड थांबली की नातेवाईक घरी घेऊन जातात, आणि कार्डावर 'विनंतीवरून डिस्चार्ज' असं येतं. उपचार अर्धवट सोडले तर ६४अ ची सूट काढून घेता येते.

'गुन्हा कबूल करा, दंड भरा, सुटा' हा सल्ला ऐकायला सोपा आहे. पण कबुलीवर दोषी ठरलात की ६४अ हातचं गेलं. मग उरतं ३९, तेही शिक्षा सुनावण्याआधी मागितलं तरच. त्याला आरोपीची स्वतःची संमती लागते, आईवडिलांची सही पुरत नाही.

३९ मधलं 'एक वर्ष' बहुतेक जण चुकीचं वाचतात. उपचारांचा अहवाल देण्याची ती कमाल मर्यादा आहे; बंधपत्रावर (कोर्टाला लिहून दिलेल्या हमीपत्रावर) कोर्टाने त्याआधीची तारीख घातली असेल तर तीच पाळायची. अहवाल समाधानकारक वाटला तर कोर्ट समज देऊन, जास्तीत जास्त ३ वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकतं. जामीनदार नसेल म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. बंधपत्र जामीनदाराशिवायही घेता येतं, फक्त तशी मागणी अर्जातच लिहा.