चेस९६० मध्ये राजा ‘दोन घरं’ सरकत नाही

नेहमीचं बुद्धिबळ तुम्हाला येतंच. चेस९६०, म्हणजे फिशर रँडममध्येही मोहरे तसेच चालतात, शह-मात तीच. बॉबी फिशरने १९९६ साली ब्युनोस आयर्समध्ये जाहीर केलेल्या या प्रकारात मागच्या रांगेची मांडणी तेवढी दर डावाला बदलते, म्हणून पाठ केलेल्या ओपनिंगचा उपयोग होत नाही. एकाने पुस्तकं घोकली आहेत आणि दुसऱ्याने नाहीत, अशा दोन मित्रांत यासारखा रंगणारा डाव नाही.

‘मोहरे कसेही मांडा’ हे मात्र साफ चूक. उंट विरुद्ध रंगांच्या घरांत हवेत, राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा आणि काळ्याची मांडणी पांढऱ्याच्या समोर तशीच हवी. लुडोचा फासा पुरतो. पांढऱ्याच्या डावीकडून मोजायचं. एक उंट चार काळ्या घरांपैकी, दुसरा चार पांढऱ्यांपैकी, वजीर उरलेल्या सहांत, एक घोडा पाचांत, दुसरा चारांत. जास्तीचा आकडा पडला तर पुन्हा टाका. राहिलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती.

खरा घोळ कॅसलिंगचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा. ‘राजा दोन घरं सरकतो’ एवढंच पाठ असलं की माणूस इथे अडतो, आणि मग ‘यात कॅसलिंग नसतंच’ असं ठोकून देतो. असतं! निघण्याची जागा कुठलीही असो, पोहोचण्याची ठरलेली आहे: एका बाजूला राजा जी१ व हत्ती एफ१, दुसऱ्या बाजूला राजा सी१ व हत्ती डी१. काळ्याचं तेच आठव्या रांगेत.

समजा राजा बी१ वर आणि हत्ती एफ१ वर आहे. राजा थेट जी१ वर जातो, हत्ती जागचा हलतही नाही. राजा जी१ वर आणि हत्ती एच१ वर असेल, तर राजा बसून राहतो आणि हत्ती उडी मारून एफ१ वर येतो. दोघांच्या वाटेतली आणि मुक्कामाची घरं रिकामी हवीत. ती दोघं एकमेकांना आड येत नाहीत. राजा शहात नको, राजाच्या वाटेतल्या घरांवर मारा नको. एक सापळा: राजा सी१, हत्ती बी१, समोरच्याचा वजीर ए१ वर. हत्ती हलला की राजाला शह बसतो, म्हणून त्या बाजूचं कॅसलिंग बेकायदा.

पटावर आधी ‘कॅसलिंग’ म्हणा, राजा पटाबाहेर ठेवा, हत्ती बसवा, मग राजा, आणि त्यानंतरच घड्याळ दाबा. नुसता राजा सरकवलात तर साधी चाल समजून वाद होतो.

तीन मिनिटांचा ब्लिट्झ इथे खेळूच नये. नेहमीच्या मांडणीत आठही प्याद्यांना आधार असतो, इथे काही मांडण्यांत एखादं प्यादं पहिल्या चालीपासूनच उघडं असतं, ते शोधायला वेळ लागतो. प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा ठेवा. काही मांडण्या पांढऱ्याला जास्तच झुकतं माप देतात, म्हणून एकाच मांडणीवर रंग बदलून दोन डाव खेळा.