दोन टोल्यांच्या आधीचं आणि नंतरचं

दरिद्री विधवेनं मंदिराच्या दानपात्रात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची दोन नाणी टाकल्या, हा बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानातला उतारा (१२:४१-४४) मुंबईत चर्चला जाणाऱ्यांच्या कानावर पडतो तो बहुधा दानाच्या प्रवचनात. छपराची दुरुस्ती असो की नवं सभागृह, फादरांनी ‘तिच्याकडे बघा’ म्हटलं की हात खिशाकडे जातो. एवढ्याशा उताऱ्याला हा एकच अर्थ कसा चिकटला, ते पाहायचं तर तो कुठून कुठे कापला हे आधी पाहायला हवं.

मार्कनं लिहिलं तेव्हा अध्यायही नव्हते आणि वचनांचे आकडेही. आजचे अध्याय १३व्या शतकात स्टीफन लँग्टन यांनी पाडले असं मानतात. वचनांना आकडे दिले ते रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकानं, १५५१ साली. सोय झाली खरी, पण विधवा १२व्या अध्यायाच्या तळाशी राहिली आणि ‘इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही’ हे येशूचं बोलणं १३व्यात गेलं. जिथे तिनं आपली सगळी उपजीविका टाकली, तेच मंदिर पडणार असं तो लगेच सांगतो. इ. स. ७०मध्ये रोमनांनी ते पाडलंही.

वरची बाजू तर आणखी झोंबते. ३८ ते ४० या वचनांत लांब झगे घालून मिरवणारे, मेजवानीत मानाची जागा धरणारे शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित आहेत. देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. आणि त्यांच्या पाठोपाठ लगेच येते ती ही विधवा.

मुंबईच्या अमेरिकन मिशननं १८२६ साली मराठीत अख्खा नवा करार छापला, त्यामुळे प्रॉटेस्टंट घरांत हे सलग वाचण्याची सोय लवकर झाली. कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) लॅटिनमध्ये होती, आणि रविवारच्या वाचनांत मार्क क्वचितच भेटे. १९६९च्या नव्या वाचनक्रमानं त्याला तीनपैकी एक वर्ष दिलं. त्या वर्षी सामान्य काळातल्या (मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या) ३२व्या रविवारी हा उतारा येतो, पण दोन मापांत: ३८ ते ४४ किंवा नुसताच ४१ ते ४४. घाई असली की आखूड माप निवडलं जातं. मुंबईत घाई कधी नसते?

अॅडिसन राइट या अभ्यासकानं १९८२मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: येशू तिचं कौतुक करत नसून हळहळतो आहे, ‘तुम्हीही असंच करा’ असं तो कुठेही म्हणत नाही. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पुढे येशू स्वतःच सर्वस्व देतो, तेव्हा तिच्या देण्याला मोल नाही असं कोण म्हणेल? मला मात्र राइट यांचं वाचन टाळून पुढे जाता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को या कॅथलिक संस्थेनं बायबलच्या गटवाचनाच्या सात पायऱ्या घालून दिल्या. इमारतीतल्या एखाद्या घरी शेजारीपाजारी जमतात, उतारा वाचतात, मनाला भिडलेला शब्द पुन्हा उच्चारतात, थोडा वेळ गप्प बसतात, मग बोलतात. सहाव्या पायरीवर विचारायचं असतं: आता करायचं काय? ४१पासून वाचलं तर बोलणं वर्गणीवर जातं. ३८पासून वाचलं तर वेगळीच कामं निघतात: नवरा गेल्यावर खोली तिच्या नावावर झाली का, पुनर्विकासाच्या कागदांवर तिची सही कुणी घाईनं घेतली का, आणि वारसाच्या दाखल्यासाठी कोर्टात तिच्याबरोबर जाणार कोण.