उचकी लागलेलं पॉवर मॉड्यूल

डीसी-डीसी कन्व्हर्टर मॉड्यूलच्या (म्हणजे एक डीसी व्होल्टेज घेऊन दुसरं डीसी व्होल्टेज देणाऱ्या तयार डबीच्या) आउटपुटला एलईडी लावलाय आणि तो क्षणभर पेटतो, विझतो, थोड्या वेळाने परत पेटतो, असं चालूच. बघणारा म्हणणार गेलं हे, बदला. मीपण असंच एक चांगलं मॉड्यूल उपटून काढलं होतं, नवं लावलं तर तेही तेच करायला लागलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की शॉर्ट पुढच्या बोर्डवरच्या एका कपॅसिटरमध्ये आहे, मॉड्यूल बिचारं शहाण्यासारखं वागत होतं.

याला हिकप मोड म्हणतात, म्हणजे चक्क उचकी. करंट लिमिटच्या वर गेला की मॉड्यूल बंद होतं, थोडं थांबतं, परत चालू होऊन बघतं, शॉर्ट अजून असेल तर परत बंद. समजा 20 मिलिसेकंद प्रयत्न आणि 500 मिलिसेकंद विश्रांती, तर सरासरी फक्त 4 टक्के वेळ करंट वाहतो आणि काहीच फारसं तापत नाही. दुसरी पद्धत म्हणजे करंट लिमिटला धरून ठेवायचा आणि व्होल्टेज पडू द्यायचं, पण मग शॉर्ट असेपर्यंत पूर्ण करंट वाहतच राहतो आणि मॉड्यूलसकट वायरीही तापतात.

आता गंमत अशी की रिकामा मोठा कपॅसिटर चालू करताना मॉड्यूलला शॉर्टसारखाच दिसतो. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 1 मिलिसेकंदात 12 व्होल्टपर्यंत भरायचा तर 12 अँपिअर लागतात, तेच 10 मिलिसेकंदात भरला तर 1.2 अँपिअरमध्ये भागतं. म्हणून सॉफ्ट स्टार्ट असतो, व्होल्टेज हळूहळू चढवतात, नाहीतर काही बिघडलेलं नसताना सुरुवातीलाच उचकी लागायची.

इनपुटची बाजू मला जास्त मजेशीर वाटते. साध्या हीटरला व्होल्टेज कमी दिलं की तो करंटही कमी घेतो, कन्व्हर्टरचं बरोब्बर उलटं. त्याला आउटपुटला 100 वॉट द्यायचेच असतात, मग आतला लॉस सोडला तरी 48 व्होल्टला साधारण 2.1 अँपिअर, 36 ला 2.8 आणि 20 व्होल्टपर्यंत पडलं तर 5 अँपिअर, म्हणजे सप्लाय जितका दमतो तितकं हे जास्त ओढतं. म्हणून अंडरव्होल्टेज लॉकआउट ठेवतात, एका मर्यादेखाली मॉड्यूल चालायलाच नकार देतं. त्यातही चालू व्हायचं व्होल्टेज बंद व्हायच्या व्होल्टेजपेक्षा थोडं वर असतं, उदाहरणार्थ 34 ला चालू आणि 32 ला बंद. हे अंतर नसतं तर लांब वायरीवर काय झालं असतं बघा, मॉड्यूल चालू झालं, करंट ओढला, वायरीत व्होल्टेज पडलं, मॉड्यूल बंद झालं, करंट थांबला, व्होल्टेज परत चढलं, परत चालू, आणि हे असंच फडफडत राहिलं असतं.

रिमोट ऑन-ऑफ पिनचं थोडक्यात सांगतो, कारण "नवीन मॉड्यूल डेड आलंय" या तक्रारीमागे पुष्कळदा हीच असते. पॉझिटिव्ह लॉजिकवालं मॉड्यूल पिन मोकळी सोडली की चालू होतं, निगेटिव्ह लॉजिकवाल्याची पिन इनपुटच्या मायनसला जोडल्याशिवाय ते ढिम्म हलत नाही. डेटाशीट वाचा हो.

सेन्स पिनांचं काम वायरीतला लॉस भरून काढायचं. 1 व्होल्टवर 50 अँपिअर चाललेत आणि वाटेत फक्त 1 मिलिओहम आहे, तरी 50 मिलिव्होल्ट गेले, म्हणजे 5 टक्के, आणि प्रोसेसरसारख्या लोडला ते परवडत नाही. म्हणून व्होल्टेज थेट लोडपाशी मोजतात आणि मॉड्यूल तेवढं वाढवून देतं. शिवाय ट्रिम पिनला रेझिस्टर लावून आउटपुट थोडं वरखाली करता येतं. पण दोन्हींची वाढ एकाच ठिकाणी जमा होते, मॉड्यूलच्या स्वतःच्या आउटपुट पिनांवर, आणि ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन बहुधा तिथेच लक्ष ठेवून असतं. ट्रिमने वर नेलं, सेन्सने आणखी वर नेलं, आणि लोडपाशी सगळं ठीक असताना मॉड्यूल फटकन बंद! काही मॉड्यूल अशावेळी लॅच होतात, म्हणजे इनपुट काढून परत दिल्याशिवाय किंवा रिमोट पिन हलवल्याशिवाय उठत नाहीत.

तापमानाचं प्रोटेक्शन त्यामानाने सरळ आहे, आतला सेन्सर ठरलेल्या तापमानाला बंद करतो आणि थंड झाल्यावर बहुतेक मॉड्यूल आपणहून चालू होतात. उचकी दर काही मिनिटांनी लागत असेल तर आधी पंखा बघा.

एवढं सगळं असूनही इनपुटचा फ्यूज मात्र पुष्कळ मॉड्यूलमध्ये आत नसतोच, तो बाहेर आपण लावायचा. कारण वरची बरीचशी प्रोटेक्शनं आतल्या स्विचिंग मॉसफेटला, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला, "थांब" सांगून काम करतात, आणि तोच मॉसफेट शॉर्ट होऊन मेला तर थांब कुणाला सांगणार?