पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी

कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन तोंडावर आला की चहाच्या गाड्यावर एकच माणूस पाच मिनिटांत दोन गोष्टी बोलतो. "औंदा कप आपलाच." मग बशीतला चहा फुर्रकन ओढून, "पण गोलकीपर नवा हाय रं. काय खरं न्हाई." पाटाकडील असो, दिलबहार असो की खंडोबा, तालीम, म्हणजे इथला फुटबॉल क्लब, बदलली तरी बोलणं हेच.

यात विसंगती काहीच नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवायचे आणि खाली साप आहे का, ते ओळखायला लावायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्यावर दिसलं, की सर्वात जास्त ताण झटक्याची शक्यता पन्नास टक्के असताना येतो. नक्की बसणारा झटका त्यामानाने सोसवतो.

आशेचंही असंच काहीसं असावं. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची, म्हणजे बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेलं रसायन सोडणाऱ्या पेशींची, नोंद घेतली. फळांचा रस मिळेल की नाही याची वाट पाहताना त्या पेशींची हालचाल हळूहळू चढत जायची, आणि शक्यता निम्मी-निम्मी असताना ती सगळ्यात जास्त चढायची. माकडावरून समर्थकावर उडी मारताना जपून, हे खरं. गोल झाल्यावर स्टँडमध्ये बघितलं तर अंतर फार वाटत नाही, एवढंच.

त्यात फुटबॉल हा खेळच गोलांच्या बाबतीत कंजूस. बास्केटबॉलमध्ये गुणांचा पाऊस पडतो, त्यात नशिबाचे चढउतार जिरून जातात. इथे एक टप्पा चुकला की मॅच गेली. समजा, एक संघ सरासरी २ गोल करतो आणि दुसरा १. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राने हिशेब मांडला, तर दुप्पट ताकदीचा हा संघ १०० पैकी साधारण ६१ मॅच जिंकतो, २१ बरोबरीत सोडवतो आणि तब्बल १८ हरतो. मग त्या १८ पैकी एक सीझनच्या पहिल्याच दिवशी वाट्याला आली, तर?

येतेही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड १९९२ मध्ये पहिली मॅच शेफील्ड युनायटेडकडून २-१ अशी हरली, १९९५ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१. दोन्ही वेळा लीग त्यांनीच जिंकली. मँचेस्टर सिटीनेही २०२१ मध्ये टॉटनहॅमकडून हरून सुरुवात केली आणि शेवटी विजेतेपद नेलं. चाळीसेक मॅचच्या लीगमध्ये पहिल्या निकालावरून फारसं काही कळत नाही.

गाड्यावरच्या माणसाला हे सगळं सांगून बघा. तो मान डोलावेल, चहाचे पैसे देईल आणि घरी फोन लावेल, "माझा तो निळा शर्ट धुवायला टाकला न्हाईस न्हवं?"