जन्म दाखला (महाराष्ट्र)

जन्म-नोंदवहीतील नोंदीचा निबंधकाने सही-शिक्क्यानिशी दिलेला अधिकृत उतारा. नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आई-वडिलांची नावे व पत्ता, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख असा मजकूर त्यावर असतो. तो नमुना क्र. ५ मध्ये दिला जातो. कार्यालय दाखला तयार करत नाही, वहीत जे आहे ते उतरवून देते. म्हणून दाखल्यासाठी घालावे लागणारे बहुतेक हेलपाटे हे नोंदीपायी असतात: नोंद झालेलीच नसते, भलत्याच कार्यालयात शोधली जाते, नावावाचून राहिलेली असते किंवा चुकीची झालेली असते.

नोंदणीचा आधार जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा केंद्रीय कायदा असून त्याखालील राज्याचे नियम २००० सालचे आहेत. खेड्यात ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) निबंधक असतो. शहरात हे काम नगरपालिका किंवा महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे आणि लष्करी छावणीच्या हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असते. जिल्ह्याच्या ग्रामीण भागावर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची देखरेख असते. जन्म रुग्णालयात झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. टाकून दिलेले अर्भक सापडल्यास गावप्रमुख किंवा पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने कळवायचे असते. धावत्या वाहनात बाळ जन्मले तर वाहनाच्या प्रमुखाने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यावी, अशीही तरतूद आहे. एसटीच्या वाहकांना ती कितपत ठाऊक असेल, कोण जाणे.

नोंद कुठे सापडते

जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे नोंद होते. आई-वडील राहतात कुठे याला महत्त्व नाही. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने या नियमाचा फटका फार जणांना बसतो. पुण्यात वाढलेल्या, पुण्याचेच रेशनकार्ड असलेल्या मुलाची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या नगरपालिकेत असते, आणि पुणे महापालिकेच्या खिडकीवर ‘नोंद आढळत नाही’ एवढेच उत्तर मिळते. मुंबईत वॉर्डही रुग्णालयाच्या पत्त्यावरून ठरतो. परळच्या केईएममध्ये जन्मलेल्या डोंबिवलीकराला एफ-दक्षिण विभाग कार्यालयच गाठावे लागते. गाव वेगळे असूनही बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झाले असेल, तर गावच्या ग्रामपंचायतीत शोधण्यात अर्थ नाही.

वही पाहण्याचीही एक रीत आहे. नोंदी नोंदणीच्या तारखेने ओळीने लागतात आणि क्रमांक दर जानेवारीत पुन्हा एकपासून सुरू होतो. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेल्याची नोंद पुढच्या वर्षाच्या वहीत निघू शकते. नोंदणी क्रमांक माहीत असेल तर काम पाच मिनिटांचे. नसेल तर आईचे नाव, रुग्णालयाचे नाव आणि अंदाजे तारीख यांवरून पाने उलटावी लागतात. बाळाच्या नावावरून शोध घेणे सहसा निष्फळ ठरते, कारण त्या रकान्यात त्या वेळी बहुधा काहीच लिहिलेले नसते.

नाव

हा रकाना रिकामा राहण्याचे कारण साधे आहे. रुग्णालय दोन-चार दिवसांत घरी सोडते आणि बारसे बाराव्या दिवशी किंवा त्याहीनंतर होते. रुग्णालयाचा अहवाल तोवर नावाशिवाय गेलेला असतो. कायद्याने याची सोय केली आहे: नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क चढवता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. ज्यांची १५ वर्षे उलटून गेली त्यांच्यासाठी शासनाने वेळोवेळी मुदतवाढही दिली आहे. तरी बारशाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पोचतो, निबंधकाकडे मात्र कोणी फिरकत नाही. पासपोर्ट काढायची वेळ आली की नाव नसलेला दाखला हाती येतो.

१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावाचा क्रमही राज्य शासनाने ठरवून दिला आहे: बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. त्याआधी, २०१५ मध्ये, अविवाहित माता केवळ प्रतिज्ञापत्रावर अपत्याचा जन्म दाखला मिळवू शकते, पित्याचे नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला होता.

मुदत

जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. ती दिली की पहिला दाखला फुकट मिळतो, आणि २०२३ च्या दुरुस्तीनुसार तो नोंद झाल्यापासून सात दिवसांत द्यावा लागतो. पुढच्या प्रतींना किरकोळ शुल्क पडते. २१ दिवस उलटले पण ३० दिवस व्हायचे असतील तर विलंब शुल्कावर भागते; ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर मात्र प्रकरणाचा बाज बदलतो.

पूर्वी अशा नोंदीसाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे, म्हणजे वकील आणि तारखा आल्याच. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे, सोप्या भाषेत कोर्टाकडून कचेरीकडे, आला. अर्जदाराने आधी जन्मस्थळाच्या निबंधकाकडून नमुना क्र. १० मधील अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यायचे, म्हणजे नोंद नसल्याचा दाखला. मग प्रतिज्ञापत्र, रुग्णालयाची कागदपत्रे, लसीकरणाचे कार्ड, शाळेचा दाखला यांपैकी जे असेल ते जोडून अर्ज करायचा. बदल सोयीचा होता, पण पडताळणी ढिली पडल्याचे आरोप झाले. मालेगावसह काही ठिकाणी अपात्र लोकांना दाखले दिल्याच्या तक्रारींवरून जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि उशिराच्या नोंदींचे काम थांबवले. मार्चमध्ये कडक कार्यपद्धती लागू केली. घरी जन्मलेल्या, शाळा न पाहिलेल्या मजूर बाईकडे पुरावा म्हणून दाखवायला कागदच नसतो. कडक पडताळणीचा भार तिच्यावर सर्वांत जास्त पडतो, याची दखल या वादात फारशी घेतली गेली नाही.

दुरुस्ती

मूळ नोंद खोडता किंवा बदलता येत नाही. कायद्याच्या कलम १५ नुसार निबंधक समासात दुरुस्तीचा शेरा लिहितो, खाली सही करतो आणि तारीख घालतो. जुने अक्षर तसेच राहते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग, आईचे माहेरचे की सासरचे नाव, रुग्णालयात घाईत लिहिलेली तारीख ही नेहमीची कारणे. राजपत्रात नाव बदलून घेतले म्हणजे जन्मनोंद आपोआप बदलते, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी निबंधकाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

दाखल्याचे महत्त्व

कित्येक दशके महाराष्ट्रात जन्मतारखेचा पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. गावातल्या असंख्य ज्येष्ठांचा वाढदिवस कागदोपत्री १ जून असतो, त्याचे मूळ इथेच आहे: शाळा जूनमध्ये सुरू होई, पोरगा सहा वर्षांचा दाखवायचा असे आणि गुरुजी सोयीची तारीख घालून मोकळे होत. पुढे खरी जन्मनोंद सापडलीच, तर ती शाळेच्या तारखेशी जुळत नाही, आणि दहावी उरकल्यावर शाळेच्या कागदातली तारीख बदलून घेणे फार अवघड असते.

२०२३ च्या दुरुस्तीने ही पर्यायी वाट नव्या पिढीपुरती बंद केली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट आणि आधार यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करायला जन्म दाखलाच चालतो. आता नोंदी केंद्राच्या नागरी नोंदणी प्रणालीवर ऑनलाइन होतात आणि दाखल्यावर क्यूआर कोड येतो. जुना हस्तलिखित दाखला बाद नाही, पण अनेक कार्यालये संगणकीय प्रतच मागतात. ती काढायची तर वहीतली नोंद आधी संगणकात चढलेली असावी लागते.

जुन्या नोंदी आणि गोवा

१८८६ चा नोंदणी कायदा ऐच्छिक होता, पण महसूल आणि पोलीस यंत्रणेच्या वह्यांत जन्म-मृत्यू लिहिले जात होतेच. पश्चिम महाराष्ट्रातील गाव नमुना १४ आणि विदर्भातील कोतवाल बुक या त्या वह्या. बऱ्याच आता तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आहेत, काही मोडी लिपीत. त्यांत जात लिहिलेली असे, म्हणून जात पडताळणीत त्यांना मोठी किंमत आहे. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात याच वह्या उघडल्या गेल्या. आजच्या जन्म दाखल्यावर जात नसते.

गोव्यात पोर्तुगीज राजवटीतच सक्तीची नागरी नोंदणी सुरू झाली होती, त्यामुळे तिथल्या जुन्या नोंदी अधिक सलग सापडतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो आणि त्यासाठी आई-वडील किंवा आजी-आजोबांच्या जन्मनोंदीचा प्रमाणित उतारा काढून ती नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यावी लागते.

अपोस्टिल करारातील देशांत दाखला वापरायचा तर आधी राज्य पातळीवर साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे त्या देशांत मानले जाणारे प्रमाणीकरण, लागतो. भारत २००५ पासून त्या करारात आहे. परदेशात जन्मलेल्या भारतीय बालकाची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत करतात. तशी ती झाली नसेल आणि आई-वडील कायमचे राहायला भारतात परतले असतील, तर परतल्यापासून ६० दिवसांत इथल्या निबंधकाकडे करता येते.