ओटा तिथेच, स्वयंपाकघर नवं

स्वयंपाकघर नवं करून देण्याआधी पाहणीसाठी घरी आलो की आम्ही टेप काढण्याआधी एक विनंती करतो: रोज करता तसं काहीतरी करून दाखवा. भांडं काढा, नळाखाली धरा, शेगडीवर ठेवा, झाकण शोधा. आम्ही दाराशी उभं राहून बघतो. हात न बघता कुठे जातो, कुठे दोनदा वाकावं लागतं, कोणतं दार उघडताना एक पाऊल मागे घ्यावं लागतं. वीस-पंचवीस वर्षं एकाच स्वयंपाकघरात वावरलेल्या माणसाचा हात अंधारातही अचूक बटणावर पडतो. एका घरातल्या आजींना आता फारसं दिसत नाही, तरी त्या कुणाच्याही मदतीशिवाय चहा करून घेत होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडी दोन हात सरकवली असती, तर आम्ही त्यांचा चहाच काढून घेतला असता.

म्हणून मांडणी चालत असेल तर ती मोडू नका, असं आम्ही बहुतेकांना सांगतो. स्वयंपाकघरात म्हातारे होतात ते पाइप, वायरी, बिजागऱ्या, सिंकखालची फळी आणि उजेड. मांडणीचं वय सहसा झालेलं नसतं. हे पत्रक त्याच कामाबद्दल आहे: सिंक, शेगडी आणि फ्रिज आपापल्या जागी ठेवून बाकीचं नवं करायचं कसं.

मांडणी ठेवण्याजोगी आहे का?

हे घरच्या घरी मोजता येतं. सिंक, शेगडी आणि फ्रिज या तिघांमधली अंतरं मोजा. त्रिकोणाची प्रत्येक बाजू साधारण 1.2 ते 2.7 मीटर आणि तिन्ही बाजू मिळून 4 ते 8 मीटर असतील, तर पायपीट बेताची आहे. हा ठोकताळा 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात घरबांधणीवर झालेल्या अभ्यासातून आला आणि अजूनही कामाला येतो. एका सरळ ओट्यावर त्रिकोण होत नाही. तिथे सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये चिरायला, मळायला, ताट मांडायला पुरेशी मोकळी जागा आहे का, एवढंच बघा. 60 सेंटिमीटर असली तरी काम निभतं, 90 असली तर उत्तम.

स्वयंपाकघर लहान आहे म्हणून मांडणी चुकीची, असा निष्कर्ष काढू नका. 1926 साली मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं होतं. त्यांनी कामाच्या हालचाली मोजल्या आणि वस्तू हाताशी आणल्या. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. अडचण अनेकदा जागेची नसते, चुकीच्या उंचीवरच्या फळीची असते.

काही ठिकाणी मात्र आम्ही स्वतःच सांगतो की हे बदला. शेगडी खिडकीखाली आहे आणि वाऱ्याने ज्योत हलते. दार उघडलं की ते शेगडीसमोर उभ्या माणसाला लागतं. समोरासमोरच्या दोन ओट्यांमधली वाट 90 सेंटिमीटरहून कमी आहे. यातही सगळं उखडावं लागतंच असं नाही. दार उलट्या बाजूने उघडेल असं बसवणं, फ्रिजच्या दाराची बिजागरी दुसऱ्या बाजूला घेणं, शेगडी त्याच ओट्यावर एक वीत सरकवणं, एवढ्यावर बऱ्याचदा भागतं.

सिंक हलवण्याचा हट्ट मात्र विचार करूनच धरा. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो. 40 ला 1 या हिशेबाने सिंक दोन मीटर दूर नेलं, तर पाइप 5 सेंटिमीटर खाली उतरायला हवा. ते 5 सेंटिमीटर आणायचे कुठून? एकतर फरशी उंच करायची, नाहीतर पाइप ओट्याखालून कपाटांच्या पोटातून न्यायचा. उतार कमी पडला की तेलकट पाणी पाइपात रेंगाळतं, थर साचतो आणि तुंबणं सुरू होतं. सिंक जागेवर ठेवलं की ही डोकेदुखी मुळातच उरत नाही. मांडणी कायम ठेवल्याने जो पैसा वाचतो, त्यातला मोठा वाटा इथलाच असतो.

वाचलेला पैसा आधी भिंतीत घाला

कपाटांच्या शटरचा, म्हणजे दारांचा, रंग निवडायला सगळं कुटुंब जमतं, पाइप निवडायला कुणी येत नाही. आमचा आग्रह उलटा आहे. रंग पाच वर्षांनी बदलता येईल. भिंतीतला पाइप बदलायचा तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतील.

जुन्या घरात लोखंडी जीआय पाइप असतील तर ते आतून गंजलेले असण्याची शक्यता मोठी. नळाची धार बारीक झाली की लोक नळ बदलतात, आणि धार तशीच राहते, कारण गंजाने पाइपाचं भोकच आकसलेलं असतं. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर तीही तीच खूण. भिंत उघडली असताना हे पाइप सीपीव्हीसी किंवा पीपीआर या न गंजणाऱ्या प्लास्टिकचे करून घ्या. नवे पाइप टाकल्यावर भिंत लगेच बुजवू देऊ नका. आम्ही पाइपांची तोंडं बंद करून आत दाबाने पाणी भरतो, गेज लावतो आणि रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी काटा उतरलेला दिसला तर गळती शोधायची, मगच प्लास्टर. एका कामात, सुरुवातीच्या दिवसांत, घाईने ही रात्र आम्ही वाचवली होती. दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आणि नव्या टाइल्स आम्ही आमच्या खर्चाने काढल्या. तेव्हापासून ही रात्र आमच्याकडे सक्तीची आहे.

विजेचंही तसंच. ज्या काळात हे स्वयंपाकघर बांधलं तेव्हा ओट्यावर फार तर एक मिक्सर होता. आज केटल, मायक्रोवेव्ह, ओव्हन, पाण्याचा फिल्टर, सगळं एका बटणपट्टीवर येतं. 2000 वॉटचं एक उपकरण 230 व्होल्टला सुमारे 9 अँपिअर वीज ओढतं. अशी दोन उपकरणं एका 16 अँपिअरच्या सॉकेटवर मल्टिप्लग लावून चालवली की सॉकेट तापणारच. म्हणून जड उपकरणांना आम्ही वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) देतो आणि पाण्याजवळच्या सॉकेटसाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतो. वीज वायरीबाहेर गळू लागताच तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. अर्थिंग आहे की नुसतं सॉकेटला तिसरं भोक आहे, हेही इलेक्ट्रिशियनकडून मीटरने तपासून घ्या.

भिंत बुजण्याआधी भिंतीला टेप लावून प्रत्येक बाजूचे फोटो आम्ही काढतो आणि तुम्हाला देतो. जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर पाइप जातो, हे त्यात दिसतं. पुढे कधी भिंतीत स्क्रू मारायचा झाला तर हे फोटो आधी उघडा.

ओट्याची उंची

मांडणी तीच ठेवली तरी उंची बदलता येते, आणि पाठीचं सगळं दुखणं तिथेच दडलेलं असतं. सरळ उभं राहा, कोपर काटकोनात दुमडा. कोपरापासून 10 ते 15 सेंटिमीटर खाली ओट्याचा पृष्ठभाग असावा. बहुतेक घरांत हे माप 80 ते 92 सेंटिमीटरच्या दरम्यान पडतं. ओट्याशी सर्वांत जास्त वेळ जो उभा राहतो, त्याचं माप घ्या. सरासरी काढून कुणालाच सोयीचा नसलेला ओटा करू नका.

सिंकची गोष्ट वेगळी. ओट्याची उंची बरोबर असली तरी हात काम करतात ते सिंकच्या तळाशी, आणि तळ 20 सेंटिमीटर खाली असतो. पाठ वाकते ती भांडी घासताना. सिंक खोल हवं असेल तर तेवढा भाग किंचित उंच करता येतो का, हे आम्ही पाहतो. ते जमलं नाही तर कमी खोलीचं सिंक घ्या, असं सुचवतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवली तर जमीन सव्वा ते दीड सेंटिमीटर वर येते. ओटा तसाच ठेवला असेल तर तो तेवढाच बुटका होतो, आणि दारंही घासू लागतात. हे आधीच धरून चाला.

ओट्याच्या दगडाबद्दल थोडक्यात: ग्रॅनाइट उष्णता आणि ओरखडे दोन्ही सोसतो. क्वार्ट्झला डाग कमी पडतात, पण त्यात रेझिन असल्याने तापलेलं भांडं थेट ठेवू नका. संगमरवर दिसतो देखणा, पण आंबट काही सांडलं की त्याची चमक जाते. आमची पसंती ग्रॅनाइटला, पुढची कड गोलसर करून.

कपाटं: ठेवायची की काढायची

सगळी कपाटं काढून टाकणं सोपं असतं, पण बरेचदा गरज नसते. शटर जुनाट दिसतं म्हणून आतला सांगाडाही गेला असं होत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने फळीच्या कडा, तळ आणि बिजागरीजवळचा भाग दाबून पाहा. टोक सहज आत गेलं, फळी फुगलेली असली, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी किंवा ओल आहे. ते कपाट ठेवू नका. सिंकखालचं कपाट या परीक्षेत जवळजवळ नेहमीच नापास होतं. बाकीची पास झाली, तर नवी शटरं, नव्या बिजागऱ्या, नवं लॅमिनेट एवढ्यात काम होतं.

सिंकखाली एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेल्या फळ्या) आम्ही लावत नाही, कितीही स्वस्त पडला तरी. पाणी प्यायला की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. तिथे पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचा प्लाय हवा, आणि त्याच्या सगळ्या कडा बंद हव्यात, पाइपासाठी पाडलेल्या भोकाच्या कडासुद्धा. ओल नेमकी तिथूनच शिरते.

खालच्या कपाटांत फळ्यांऐवजी ड्रॉवर करून घ्या. खालचं कपाट 55-60 सेंटिमीटर खोल असतं. फळीवर मागे ठेवलेली वस्तू काढायला गुडघ्यावर बसावं लागतं, आणि म्हणून ती वर्षानुवर्षं तिथेच राहते. पूर्ण बाहेर येणारा ड्रॉवर ती वस्तू तुमच्यापर्यंत आणतो. फक्त सरकपट्टी किती किलोची आहे ते विचारा. जड भांड्यांना 30 किलोहून कमी क्षमतेची घेऊ नका. तळाशी 10 सेंटिमीटर उंच आणि 5-7 सेंटिमीटर आत अशी पावलांची जागा सोडली की ओट्याला चिकटून उभं राहता येतं, पुढे झुकावं लागत नाही.

जुन्या घरातले कोपरे क्वचितच काटकोनात असतात. सुतार गुण्या लावतो, पण तुम्हीही तपासू शकता: कोपऱ्यापासून एका भिंतीवर 60 सेंटिमीटर, दुसरीवर 80 सेंटिमीटर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 100 आलं तर कोपरा काटकोनी. तो तसा नसेल तर दगड कापण्याआधी पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा करून घ्यावाच लागतो.

उजेड आणि धूर

छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्याशी उभं राहिल्यावर स्वतःची सावली स्वतःच्या हातांवर पडते. वरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेला, एलईडी पट्टी लावा. 4000 केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड आम्हाला कामाला योग्य वाटतो. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारं दुसरं काही आमच्या कामात नाही.

चिमणी गॅसच्या शेगडीपासून 65 ते 75 सेंटिमीटर वर असावी. धूर बाहेर नेणारा डक्ट जेवढा आखूड आणि सरळ तेवढी ओढ चांगली. प्रत्येक वळण ती कमी करतं, आणि वाटेत डक्ट बारीक केला तर मोटर नुसती ओरडते. वरच्या कपाटातून डक्टची वाट काढावी लागते, तेव्हा चिमणी कपाटांच्या आधी ठरवा. गॅसच्या पाइपला मात्र आमचा सुतार किंवा गवंडी हात लावत नाही. ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घेतो.

काम चालू असताना

क्रम असा: तोडफोड, मग प्लंबिंग आणि वायरिंग, चाचणी, प्लास्टर, टाइल्स, ओटा, कपाटं, रंग आणि शेवटी नळ-दिवे. प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारू द्या. सिलिकॉन लावल्यावर 24 तास सिंक कोरडं ठेवा. या दोन ठिकाणी आम्हाला घाई करायला लावू नका. शेगडीमागच्या टाइल्सना एपॉक्सी ग्राउट घ्या, तेलाचे डाग त्यात मुरत नाहीत.

जुना रंग कोरडा घासू नका. काही दशकांपूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक असते. सिमेंटचे जुने पत्रे कुठे लावलेले असतील तर आधी सांगा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फोडायचं नसतं.

काम चालेल तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत एक टेबल, एक विजेची शेगडी आणि पाण्याची सोय करून ठेवा. स्वयंपाकघराच्या दाराला आम्ही प्लास्टिकचा पडदा लावतो, तरी धूळ येतेच. कपडे आणि अंथरुणं झाकून ठेवा.

पाहणीच्या दिवशी मात्र कपाटं आवरून ठेवू नका. दाराआड टांगलेली पिशवी, फ्रिजवर ठेवलेले डबे, ओट्याच्या कोपऱ्यात कायमचं बसलेलं ते एक भांडं, हे सगळं आहे तसंच आम्हाला बघायचं आहे.